दुसऱ्या नंबरवाल्याला बसवा!

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारच्या दादाने फॅमिली ग्रुपवर पुन्हा तीच टेप लावली : "पोटनिवडणुका बंद करा. पुढाऱ्यांनी दोन जागा लढवायच्या, एक सोडायची, खर्च आपल्या डोक्यावर. दुसऱ्या नंबरवाल्याला बसवा, झालं!" खाली चौदा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या आईचा.

दादा, जरा २०१४ आठव. मोदी बडोद्यातून ५,७०,१२८ मतांनी आले, मग वाराणसी ठेवून आपली जागा सोडली. दुसऱ्या नंबरवर होते काँग्रेसचे मधुसूदन मिस्त्री. तुझ्या हिशेबाने तेच आपले खासदार! तेव्हा गल्लीभर पेढे वाटलेस तू, चाललं असतं तुला? १३ सप्टेंबरला पोटनिवडणूक झाली, रंजनबेन भट्ट आल्या. दोन जागा लढवू देणारा कायदा बदला म्हण, मीही सही करतो. पण मतदारांना विचारूच नका, हे कुठलं शहाणपण?

पुण्याचं बघ. खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये वारले. कायद्यात मुदत सहा महिन्यांची. आयोग म्हणाला, आम्ही इतर निवडणुकांत गुंतलोय. डिसेंबरात हायकोर्टाने निवडणूक घ्या म्हटलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. खासदार मिळाला तो थेट जून २०२४ मध्ये. तोवर पुणेकरांनी तक्रारी लिहायच्या कुणाला? (लिहायचे ते थांबले नसणारच.)

आणि इकडे इंग्लंडात, आमच्या किंग्जवुड मतदारसंघात? खासदाराने तेल-वायूच्या परवान्यांच्या विधेयकावरून जानेवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला, १५ फेब्रुवारीला मतदान. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत हा मतदारसंघच नकाशावरून जाणार होता, तरी घेतली! कामावरून परस्पर गेलो. दाराशी कुणाचा तरी भिजलेला लॅब्रॅडॉर, आत दोरीला बांधलेली पेन्सिल. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट पुढे केला. बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, मतपत्रिका दिली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मतदान ३७ टक्केच झालं, तेवढं गाळलं.

दादाचं उत्तर एका ओळीचं : "रेवा दे (राहू दे). १३ सप्टेंबरला तू कुठे होतास?"

मंगळबाजारात. मोठी बॅग घेत होतो, तिची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत. निकाल ठरलेलाच, म्हणून बूथवर गेलो नाही. दादा मात्र आईला स्कूटरवर घेऊन गेला होता. संध्याकाळी शेव-उसळ खाताना आईने माझं डावं बोट उलटंपालटं करून पाहिलं आणि काही न बोलता पाव पुढे सरकवला. पुढच्या महिन्यात मी इकडे आलो.

परदेशातून बडोद्याच्या यादीत नाव लावायला ६अ फॉर्म असतो. मत द्यायला मात्र तिकीट काढून बूथवरच जावं लागतं. फॉर्म काल रात्री उतरवून घेतला. त्यात पासपोर्टावरचा भारतातला पत्ता लिहायचा असतो. माझा अजून दांडिया बाजारचाच आहे, दुसरा मजला, रस्त्याकडची खोली. तिथे आता दादाचा मुलगा बारावीचा अभ्यास करतो.