परदेशातून : मनगट मोडल्यावर

घरच्या ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललंय. भाच्याला नोकरी सोडून ड्रम शिकवायचे आहेत. काकांचा मेसेज : "काहून बे, बडवून पोट भरते का?" मावशीचं उत्तर : "आवड आहे तर करू द्या ना." इकडे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये मी वाचतोय आणि दोघांवरही चिडतोय.

भाचा ज्या सरांकडे शिकला, त्यांच्याकडे मीही दोन वर्षं होतो. संध्याकाळी नागपूरला धरमपेठेत वर्ग. नवरात्रात गरबा, दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी लोटली की भीमगीतांचे कार्यक्रम, नाताळात चर्च, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. हात मूळचा तबल्याचा. ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या आठ पॅडवर ढोलकी-ताशाचे आवाज लावून ते काठीनेच बोटांचा ठेका काढायचे, आणि चर्चमध्ये तोच हात असा आवरायचे की ड्रम आहे हे विसरायला व्हावं. गायकाने आयत्या वेळी पट्टी बदलली तर घाम पेटीवाल्याला फुटतो. लय बदलली तर सरांना. नागपुरात याला 'सगळंच वाजवतो' म्हणतात, आणि म्हणताना आवाजात थोडी कीव असते.

माझ्या मुलीचे इथले ड्रमशिक्षकही सगळंच वाजवतात. दोन गावांत शिकवणी, शनिवारी जॅझ. मान इथे जास्त, असं मात्र समजू नका. घरी ट्रम्पेट किती वेळ वाजवावा, हा शेजाऱ्यांचा वाद २०१८ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता! कोर्टाने कामाच्या दिवशी दोन-तीन तास, असा अंदाज घालून दिला. आपल्याकडे रात्री दहापर्यंत कोण विचारतं?

फरक दुसरीकडे आहे. स्वतंत्र कलाकारांसाठी इथे १९८३ पासून सामाजिक विमा आहे. कलाकाराने निम्मा हप्ता भरायचा. उरलेला सरकार आणि कलाकारांना काम देणारे मिळून भरतात. संगीत शिकवणाराही त्यात बसतो. तरी कुरबुर होतीच. इथून जवळच्या हेरेनबर्गच्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत मानधनावर शिकवणाऱ्या एका पियानोशिक्षिकेचा खटला चालला, आणि २०२२ मध्ये कोर्ट म्हणालं, ही तर नोकरीच आहे, विम्याचे पैसे शाळेने भरावेत. त्यानंतर तासांवर शिक्षक ठेवणाऱ्या संगीतशाळांची झोप उडाली.

आपल्याकडे वृद्ध कलावंतांना मानधन आहे, महिन्याला ५,००० रुपये. पण सरांचं मनगट मोडलं ते चाळिशीत, स्कूटर घसरून, ऐन नवरात्राच्या तोंडावर. गरबा गेला, ऑर्केस्ट्राला दुसरा मिळाला. प्लास्टर घालून ते वर्गात बसायचे आणि तोंडाने केरवा म्हणायचे, धा गे ना ति, ना के धि ना. मुलं पॅडवर वाजवायची. माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात चांगलं शिकवणं होतं. काही पालकांनी त्या महिन्याची फी अर्धी कापली. हात प्लास्टरमध्ये, मग शिकवलं काय?

काल मी ग्रुपवर लिहिलं : आवड-निवड राहू द्या, आपल्या घरातली चार पोरं भाच्याकडे शिकायला जाणार आहेत, तर तो आजारी पडेल त्या महिन्याची फी देणार का, ते आधी सांगा. बराच वेळ सगळे गप्प. मग काकांनी विचारलं, "पण फी किती घेते तो?"