तलवारीवर खापर फोडू नका

‘आर्थसने काहीच चूक केलं नाही.’ वॉरक्राफ्ट या व्हिडिओ गेम मालिकेतल्या युवराज आर्थसबद्दलचं हे वाक्य चाहत्यांमध्ये गेली कित्येक वर्षं फिरतंय आणि मधूनमधून नव्या चित्रासकट पुन्हा वर येतं. त्याची लांबलचक आवृत्ती साधारण अशी असते: स्ट्रॅथहोम शहरात प्रजेची कत्तल करण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता, पुढचं सगळं फ्रॉस्टमोर्न या शापित तलवारीने केलं, ऑर्क जमातीचा म्होरक्या थ्रॉल किंवा जादूगार जेना त्याच्या जागी असते तर तेही असेच घसरले असते, एल्फ जादूगार इलिदानने तर याहून वाईट केलं, तरी त्याला माफी मिळाली, आणि शेवटी शॅडोलँड्स या भागात उघडच झालं की या सगळ्यामागे जेलर नावाचा खलनायक होता. थोडक्यात, वॉरक्राफ्टमधला नायक आणि पतित नायक यांच्यात फरक फक्त नशिबाचा.

मला आर्थस आवडतो. 2002 साली आलेल्या तिसऱ्या वॉरक्राफ्टमधली माणसांची कॅम्पेन (त्यांच्या बाजूने खेळायची मोहीम) मी इतक्या वेळा खेळलोय की संवाद पाठ आहेत. म्हणूनच हा बचाव मला खटकतो. त्याला निर्दोष ठरवायच्या नादात लोक त्याला कळसूत्री बाहुली करून टाकतात, आणि बाहुलीची कसली शोकांतिका?

आधी स्ट्रॅथहोम, कारण दाव्याचा सगळ्यात भक्कम भाग तोच. शहरात रोगट धान्य पोचलंय, लोकांनी ते खाल्लंय, थोड्याच वेळात ते सगळे झोंबी होऊन उठणार. आर्थसचा गुरू उथर म्हणतो, दुसरा काहीतरी मार्ग असेल. कोणता, ते तो सांगत नाही. जेनाही सांगत नाही. हे सरळ मान्य केलं पाहिजे. गेम आपल्यालाही दुसरा मार्ग देत नाही: समोर माल्गॅनिस हा सैतान त्याच शहरातली माणसं आपल्या फौजेत ओढतोय, पडद्यावर दोघांचे आकडे चढताहेत, आणि शंभरावर आधी पोचायचंय. पहिल्यांदा मी हरलो. मग गेम पुन्हा लोड केला, कुठल्या क्रमाने घरं फोडली तर वेळ वाचेल याचा हिशेब मांडला, आणि तो जमला तेव्हा मला चक्क आनंद झाला. आपण नक्की कशाचा हिशेब करत होतो हे उशिरा लक्षात आलं.

पण कत्तल सुरू होण्याआधीचा संवाद पाहा. उथर नकार देतो. आर्थस त्याला पटवत नाही, त्याच्याशी धड भांडतही नाही. सरळ देशद्रोहाचा आरोप ठेवतो, त्याचे अधिकार काढून घेतो, आणि त्याच्या पॅलाडिनांना (प्रकाशाच्या धर्मयोद्ध्यांना) सेवेतून दूर करतो. ज्याने त्याला हातोडा धरायला शिकवलं त्या गुरूला! शहर शुद्ध करणं अटळ होतं की नव्हतं यावर हवा तेवढा वाद घाला. गुरूला देशद्रोही ठरवणं मात्र कुठल्या रोगाने अटळ केलं होतं? जेना काही न करता निघून जाते, तिला तो थांबवतही नाही.

आता तलवार. इथे वाद घालायची गरजच नाही, मिशनं मोजली की पुरे. माणसांच्या कॅम्पेनमध्ये मिशनं आहेत 9. स्ट्रॅथहोम सहावं. फ्रॉस्टमोर्न हाती येते नवव्याच्या शेवटी. मधल्या काळात तलवार बर्फात निमूट रुतून होती, आणि तेवढ्यात आर्थसने काय काय केलं बघा.

सातव्यात तो सैन्य घेऊन समुद्रापार नॉर्थरेंडला पोचलेला असतो. आठव्यात राजधानीहून दूत येतो: राजाज्ञा आहे, फौजेने परत फिरावं. सैनिक परतीच्या वाटेला लागतात. आर्थस काय करतो? भाड्याचे लढवय्ये गोळा करून स्वतःचीच जहाजं जाळतो, म्हणजे कुणाला घरी जाताच येऊ नये. मग आपल्या माणसांसमोर उभा राहून सांगतो, की या राक्षसांनीच तुमची जहाजं जाळली. ज्यांना पैसे देऊन काम करवून घेतलं त्यांनाच तिथल्या तिथे मारून टाकतो. वड्याचं तेल वांग्यावर, तेही आपल्याच शिपायांच्या डोळ्यांत धूळ फेकून. सोबत लढणारा त्याचा मित्र मुराडिन हे सगळं बघून हादरतो. या प्रकरणात शापित वस्तू एकही नाही.

नवव्यात मुराडिन चौथऱ्यावरचा मजकूर वाचून सांगतो: तलवार शापित आहे, सोडून दे, माणसांना घरी ने. आर्थस माणसांना उडवून लावतो आणि म्हणतो, मातृभूमीसाठी कुठलाही शाप सोसेन. बर्फ फुटतो, मुराडिन कोसळतो. आर्थस क्षणभर त्याच्याकडे वळतो आणि मग हातोडा तिथेच टाकून तलवार घेऊन निघतो.

तलवारीने आत्मा घेतला, हे खरं. बापाचा खून, उथरचा खून, एल्फांची सेनानी सिल्वानासचं बॅन्शी (आक्रंदणारं भूत) होणं, या सगळ्यात आर्थस किती आणि तलवारीमागची दुष्ट शक्ती लिच किंग किती, हे तोलणं अवघड आहे आणि तिथे मी हट्ट धरणार नाही. पण आत्मा तलवारीने चोरला नाही, त्याने तो किंमत ऐकून दिला. आणि उरलंसुरलं माणूसपण? रॅथ ऑफ द लिच किंग या पुढच्या भागात मॅथायस लेनर नावाचा एक मुलगा भेटतो. नावाची अक्षरं उलटसुलट केली की आर्थस मेनेथिल होतं. त्याच्या मागोमाग गेलं की कळतं, आर्थसने स्वतःचं हृदय स्वतः उपटून टाकलं होतं. तलवार सगळं करत असती तर ही मेहनत कशाला लागली असती?

सहा ते नऊ ही चार मिशनं एका ओळीत ठेवली की मला एकच गोष्ट दिसते. अडवणारं माणूस दर वेळी बाजूला होतं. उथर, जेना, बापाचा हुकूम, घरी जायला निघालेले शिपाई, मुराडिन. शेवटी त्याला ‘नाही’ म्हणू शकेल असं कुणी उरत नाही, आणि मग तलवार मिळते. तोवर काम झालेलं असतं.

‘दुसरं कुणीही तिथे असतं तर’ हा मुद्दा म्हणूनच सगळ्यात पोकळ आहे, कारण या मालिकेने तो प्रयोग करूनच दाखवलाय. तिसऱ्या वॉरक्राफ्टमध्ये एक गूढ प्रेषित येतो (तो जादूगार मेडिव्ह, हे पुढे कळतं) आणि एकच निरोप वेगवेगळ्या लोकांना देतो: इथे आता काही उरलं नाही, पश्चिमेला कॅलिमडोरला जा. थ्रॉल ऐकतो. जेना ऐकते. आर्थस म्हणतो, माझी जागा माझ्या लोकांसोबत आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं: थ्रॉलकडे सोडायला राज्यच कुठे होतं? युवराजाने प्रजा टाकून पळायचं? अगदी रास्त. युवराजाने प्रजेसोबतच राहावं. पण हेच सांगणारा युवराज लगेचच, एका सैतानाचा सूड घ्यायला, अख्खी फौज घेऊन समुद्र ओलांडतो आणि रोगाने पोखरलेली तीच प्रजा मागे ठेवतो. प्रेषिताने सांगितलं तर ‘माझे लोक’, माल्गॅनिसने बोलावलं तर जहाजं तयार. नशीब बिचारं यात कुठे आलं?

खरी तुलना मात्र थ्रॉलशी नाही, त्याचा साथी ऑर्क सरदार ग्रॉम हेलस्क्रीमशी आहे. ग्रॉमकडे आर्थसपेक्षा चांगली सबब होती: मॅनोरॉथ या सैतानाचं रक्त. ते प्यायलं की ऑर्क बेभान होतात, लाल होतात, सैतानांचे गुलाम होतात. थ्रॉलची समजूत होती की आपल्या लोकांना फसवून, जबरदस्तीने भ्रष्ट केलं गेलं. ग्रॉमने ती समजूत तशीच राहू द्यायला काय हरकत होती? त्यात अ‍ॅशनवेलमध्ये वनदेव सेनेरियसला हरवण्यासाठी तो पुन्हा तेच रक्त प्यायला होता आणि त्याच्यावर मात करून, त्याला पकडून आणावं लागलं होतं. शुद्धीवर आल्यावर तो थ्रॉलला सांगतो की आपण ते स्वखुशीने प्यायलो, आणि सगळ्यांत पहिला मी. मग मॅनोरॉथसमोर जातो आणि त्याला मारताना मरतो.

ग्रॉम दोनदा घसरला, आर्थस एकदा. तरी ग्रॉमचं नाव ऑर्क अभिमानाने घेतात. पुढे त्याचाच मुलगा गॅरोश वॉरचीफ (सर्वोच्च नेता) होऊन बापाच्या नावाला काय करून ठेवतो, तो वेगळाच लेख होईल.

जेनाही काठावर पोचली होती. गॅरोशने तिचं शहर थेरामोर बेचिराख केल्यावर ती समुद्र उठवून ऑर्कांची राजधानी ऑर्गरिमार बुडवायला निघाली. कादंबरीतला हा प्रसंग गेम खेळणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. एक शहर, त्यातली निरपराध माणसं, आणि मनात सूड: स्ट्रॅथहोमचीच मांडणी, उलट रंगात. थ्रॉल आणि ड्रॅगन कॅलेकगॉस आडवे आले. तिच्याकडे त्या दोघांनाही बाजूला सारायची ताकद नव्हती असं कुणी म्हणू नये. ती थांबली.

इलिदानबद्दल थोडक्यात. माफी मिळाली म्हणजे नक्की काय मिळालं? 10 हजार वर्षं कोठडी. सुटल्यावर ऑर्क मांत्रिक गुल्दानची कवटी वापरून सैतान टिकॉन्ड्रियसला मारलं, तर सख्ख्या भावाने हाकलून दिलं. 2007 मध्ये ब्लॅक टेंपलमध्ये आपणच त्याला मारलं. आणि लीजन या भागाच्या शेवटी तो सैतानांचा धनी सार्गेरासच्या कैदेवर पहारेकरी म्हणून कायमचा मागे राहिला. लीजनमध्ये त्याला अवताराचं वलय चढवायचा प्रयत्न झाला तेव्हा मीही कंटाळलो होतो, पण तिथे त्याने स्वतःच ते वलय देणाऱ्या झेरा या प्रकाशाच्या शक्तीचे तुकडे केले. शिवाय इलिदान पतित नायक होण्याइतका वर कधी होताच कुठे?

राहता राहिला जेलर. 2020 मध्ये शॅडोलँड्स आलं आणि मागच्या जवळजवळ प्रत्येक वाईट गोष्टीचा धागा त्याच्या हातात नेऊन बांधला गेला. लेखनाचा हा आळस मला आजही पटत नाही. पण घटकाभर तो खरा धरू. माल्गॅनिसने आर्थसला गळाला लावलं, त्यामागे लिच किंग, त्यामागे जेलर. गळ कुणी टाकला याचं उत्तर कितीही लांब गेलं, तरी राजाज्ञा आल्यावर जहाजांना आग कुणी लावली याचं उत्तर बदलत नाही. सिल्वानासच्या बाबतीतही लेखकांनी ‘आत्मा दुभंगला होता’ अशी पळवाट काढली खरी, तरी एल्फांचा महावृक्ष टेल्ड्रासिल जाळल्याबद्दल त्यांची पुढारी टिरांडे तिला शिक्षा देतेच: मॉ या नरकात जा आणि तिथला प्रत्येक अडकलेला आत्मा सोडव.

आणि गंमत म्हणजे ज्याच्यावर खरोखर जबरदस्ती झाली असा एक राजा याच शॅडोलँड्समध्ये आहे. अँडुइन रिन. त्याने कुठली किंमत ऐकून तलवार उचलली नव्हती. जेलरने त्याला साखळदंडांत धरून एका तलवारीशी बांधलं, त्याच्या हातून आर्कॉन या देवदूतांच्या प्रमुखावर वार करवला. त्या तलवारीत आर्थसच्या आत्म्याचा उरलेला तुकडा घातला होता, म्हणजे दोघांना शेजारी उभं करण्याचं काम गेमनेच करून ठेवलंय. 2022 मध्ये खेळाडूंशी झालेल्या लढाईत अँडुइन आतून झुंजत राहतो आणि शेवटी सुटतो. तिकडे आर्थसचा तो तुकडा काही क्षण तरंगतो आणि विरून जातो.

‘तलवारीने केलं’ हे वाक्य अँडुइनने म्हटलं असतं तर ते शब्दशः खरं ठरलं असतं. 2024 च्या वॉर विदिनमध्ये तो पुन्हा भेटतो तेव्हा सिंहासन सोडून भटकतोय, प्रकाशाला हाक मारायची हिंमत त्याच्यात उरलेली नाही, आणि त्या हातांनी जे झालं ते तो अजून स्वतःच्याच खात्यावर लिहितोय.