नाव भांड्यावर की डबीवर?

२०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला गेली. तेव्हापासून आमच्या भावंडांच्या ग्रुपवर ‘खरी की खोटी’ जुंपलंय, ते अजून मिटत नाही. परवा दादाने फर्मान काढलं, ‘तू तिथंच राहतेस ना? जाऊन विचारून ये.’ जणू मी हाउन्स्लोला नाही, म्युझियमच्या पायरीवरच राहते.

विचारायचं काय, कप्पाळ? ती महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही, हे म्युझियमने केव्हाच सांगितलंय. सगळी मदार नखांच्या डबीवरच्या इंग्रजी मजकुरावर. ती डबी बनली स्कॉटलंडमध्ये. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला हे नख मिळालं, असं ती सांगते आणि आदिलशाहीच्या खानाला बेधडक मुघल सेनापती ठरवते!

मी तिथं जाते ती इराणी भांडी बघायला. सफावी घराण्याच्या काळातले तांब्याचे वाडगे, कल्हई केलेले, कोरीव नक्षीत काळं भरलेलं. १५०१मध्ये या घराण्याच्या शाह इस्माइलने शिया पंथ राजधर्म केला, त्यानंतर अशा भांड्यांच्या काठावर शियांच्या बारा इमामांची नावं आली, त्यातल्या पहिल्या, अलींचा धावा करणारी ‘नाद-ए-अली’ ही प्रार्थना आली. ती अक्षरं बघत राहावीत अशी. आणि कित्येकदा त्यांच्याच जवळ, इवल्याशा चौकटीत, मालकाचं नाव. ते मात्र कुणीतरी घाईत खरवडल्यासारखं. आईच्या पातेल्यावर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव असंच तिरकं होतं. कल्हईवाला यायचा बंद झाला तशी ती पातेली मोडीत गेली. काट्यावर वजन बघायला दादाच उभा होता. तेव्हा वारसा कुणाला आठवला नाही.

‘चोरांच्या घरी बसून इराण्यांचं कौतुक,’ इति दादा. अरे, ज्या निजामशाहीची चाकरी शहाजीराजांनी केली, तिथल्या बुऱ्हाणशहाने खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, याच बारा इमामांची नावं घेतली होती. आणि इथं शाळेची पोरं काचेसमोर फतकल मारून वाडग्यांची चित्रं काढतात, तीही फुकटात. आपल्याकडे मी पाहिलेल्या संग्रहालयात ठळक पाटी एकच: हात लावू नये.

हे सगळं मी तावातावाने टाइप केलं आणि पुसलं. कारण ‘बसून’ हा शब्द मला लागला होता. दादा निदान रांगेत उभा राहून साताऱ्याला ती नखं बघून आला. मी वीकेंडला परक्यांच्या वाडग्यांवर परक्यांची नावं बघत हिंडते आणि घरी आयकियाच्या वाडग्यात आमटी वाढते. माझ्या नावाचं भांडं दोन्ही देशांत नाही.

शेवटी एवढंच लिहिलं: माळ्यावर आईच्या नावाचं एखादं फुलपात्र उरलं असेल तर बघून ठेव. डिसेंबरात नेते. पोचे असले तरी चालेल, आणि कृपा करून पितांबरीने घासू नकोस.