चौदा दिवसांत पैसे मिळतात, पण किती?

वादळासारख्या आपत्तींसाठी कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये उभारलेल्या सामायिक विमा निधीवरचा लेख वाचला. त्यात निधीचं केलेलं कौतुक रास्तच आहे. पंचनामे होत बसत नाहीत. वाऱ्याचा वेग किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की चौदा दिवसांत पैसे सरकारच्या हाती. वादळानंतर करवसुली ठप्प असते आणि पगार, रस्ते, औषधं यांचा खर्च मात्र थांबत नाही, अशा वेळी हा मोठाच आधार.

पण डोमिनिका या कॅरिबियन बेटाचं उदाहरण लेखात यायला हवं होतं. २०१५ च्या एरिका वादळात वारा फारसा नव्हता, दरडी कोसळल्या त्या पावसानं. वाऱ्यावरची पॉलिसी लागूच झाली नाही. अतिवृष्टीची वेगळी पॉलिसी होती म्हणून २४ लाख डॉलर तरी मिळाले. नुकसान होतं ४८ कोटींच्या घरात! २०१७ मध्ये मारिया आलं तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख मिळाले, नुकसान १३० कोटींच्या आसपास. म्हणजे पहिले काही आठवडे निभावतात. घरं, शाळा पुन्हा बांधायला कर्जच काढावं लागतं.

समुद्र तापला की वादळं तीव्र होतात, आणि तो तापवण्यात या बेटांचा वाटा नगण्य. मग मोठ्या विमा संरक्षणाचा हप्ता श्रीमंत देशांनी भरावा, ही मागणी मला अगदी न्याय्य वाटते. त्यावर लेखकानं सविस्तर लिहावं, ही विनंती.