आईची पंचाहत्तरी मेक्सिकोच्या बंदरावर कशी उरकावी

आई पंचाहत्तर वर्षांची होतेय, गुडघे बोलायला लागलेत, तुम्ही तिला सहा महिन्यांसाठी टेक्सासात आणून ठेवलंय आणि नाताळची सुट्टी तोंडावर आलीय. अशा वेळी घरी चार माणसं बोलावून, पुरण घालून, औक्षण करून मोकळं व्हावं असा मोह होईल. आवरा. पुरणपोळीचे फोटो हल्ली कोणी बघत नाही. सरळ टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून क्रूझ पकडा आणि जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागेल त्याच दिवशी वाढदिवस येईल असं बघा. तारीख जुळत नसेल तर तिथी काढा. तिथीही जुळत नसेल तर आईची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी अंदाजानेच घातली होती हे सगळ्यांना आठवून द्या.

आमच्या मावशीची पंचाहत्तरी नुकतीच अशी थाटात पार पडली. मी सोबत होते, त्यामुळे खालचा सगळा सल्ला अनुभवाचा आहे.

सुरुवात टी-शर्टांपासून करावी. एकाच रंगाचे, पुढे 'अमृतमहोत्सव' आणि मागे नांगर. उत्सवमूर्तीला तो साडीवरून घालायला लावा. कोझुमेलला डिसेंबरातही घामाच्या धारा लागतात हे तिला आधी सांगायची गरज नाही.

तिला काय हवंय ते चुकूनही विचारू नका. आमच्याकडे ही काळजी घेतली होती, तरी मावशीने स्वतःहून सांगितलंच. मावशी म्हणजे नोकरीभर सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केलेली बाई. कोझुमेल हे इश्चेल नावाच्या, माया लोकांच्या देवीचं बेट, ही बाळंतपणाची देवी, आणि मुख्य भूमीवरून बायका होडीत बसून तिच्या दर्शनाला इथे यायच्या, हे तिने जहाजावरच्या कुठल्याशा माहितीपटात ऐकलं. १५१९ मध्ये स्पॅनिश सरदार कोर्तेस या बेटावर उतरला, इथल्या मूर्ती फोडल्या आणि मेरीची मूर्ती बसवली, तेव्हा ही यात्रा चालू होती. ते ठिकाण आजही आहे. सान हेरवासिओ त्याचं नाव. चौथरे, कमान, पांढरा जुना रस्ता, आणि उन्हात पडलेले घोरपडीएवढे इग्वाना. गावापासून टॅक्सीने वीसेक मिनिटं. मावशी नाश्त्याला दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, म्हणाली, "एवढ्या बायका मोकळ्या केल्या मी. तिला एकदा नमस्कार करून येऊ का रे?"

यावर द्यायचं उत्तर पाठ करून ठेवा: "आई, नुसते दगड आहेत गं तिथे. आणि ऊन किती!"

मग तिला उन्हात बीचवर न्या.

टॅक्सीला मीटर नसतो. दरफलक धक्क्याजवळच लावलेला असतो. तो वाचू नका, घासाघीस करा. आमच्या भावजींनी इतका वेळ केली की रांगेतली मागची कुटुंबं पोहून परत आली असतील.

औक्षणाचं म्हणाल तर जहाजावर साधी मेणबत्तीही लावू देत नाहीत, तेव्हा निरांजन किनाऱ्यावरच. समुद्राचा वारा, फुलवाती, तूप आणि वाढप्याकडून मागून घेतलेला लायटर. निरांजन एकदाही धड पेटलं नाही, पण रील मात्र तीनदा झाली, कारण दोनदा मागून कोणीतरी पोहण्याच्या कपड्यांत गेलं. शेवटी फोनचा टॉर्च लावून ओवाळलं. करून बघा. देवालाही नवीन काहीतरी बघायला मिळतं.

शाकाहारी माणसाच्या जेवणाची चिंता करू नका. बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला, पण विचारायचं कशाला? विचारलं की कळतं. मावशीने तासभर मक्याच्या नुसत्या तोर्तिया आणि लिंबू खाल्लं. ती खूश मात्र त्याच कोपऱ्यात होती, कारण तव्याजवळची बाई पिठाचे गोळे थापत होती आणि मावशीला ते भाकरीसारखं वाटत होतं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून मग दळतात, हे तिने खाणाखुणांनी त्या बाईकडून काढून घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. गप्पा रंगात आल्या तेवढ्यात केक आला आणि मावशीला तिथून उठवलं. बरोबरच आहे. उत्सवमूर्तीने स्वतःच्या आनंदात असं रमून चालत नाही.

आता केक. मेक्सिकोत एक गमतीची पद्धत आहे, 'मोर्दिदा'. वाढदिवस असलेल्याने हात न लावता केकचा पहिला घास घ्यायचा, लोक ओरडत राहतात आणि कोणीतरी हळूच मागून डोकं दाबतं. पोराटोरांचा खेळ, त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांत. दादाच्या चिरंजीवांनी तो यूट्यूबवर पाहिलेला. पंचाहत्तर वर्षांची बाई, चष्मा, कवळी, आयुष्यात अंड्याला हात न लावलेला, समोर अंडी आणि तीन प्रकारच्या दुधातला केक. आणि नातवाने दिलं डोकं दाबून. सगळे हसले. तिचा चष्मा वाकला, नाकात दूध गेलं. पहिला रुमाल कोणाचा आला? त्या तोर्तियावाल्या बाईचा. आपल्यातले सगळे व्हिडिओ घेत होते, रुमाल धरायला हात कोणाचा मोकळा असणार! बाजूच्या टेबलावरच्या मेक्सिकन आजोबांनी कपाळाला हात लावला ते मी पाहिलं. असो. सल्ला द्यायचा होता: केक क्रीमचा घ्यावा, फोटोत उठून दिसतो.

मेनूवर डॉलरचं चिन्ह दिसलं की आधी आरडाओरडा करा, ते मेक्सिकोचे पेसो आहेत हे नंतर बघा.

मारियाची, म्हणजे टेबलाशी येऊन गाणारे वादक, दर गाण्याचे पैसे घेतात. हे गाणी झाल्यावरच कळलं पाहिजे, तरच मजा.

आता सर्वांत महत्त्वाचं, वेळ. क्विंताना रो राज्याने, म्हणजे ज्यात कोझुमेल येतं त्याने, २०१५ मध्ये घड्याळ तासभर पुढे नेलं आणि तिथेच ठेवलं, पर्यटकांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. त्यामुळे हिवाळ्यात बेट टेक्सासच्या एक तास पुढे असतं. आमचं जहाज चालत होतं टेक्सासच्याच वेळेवर. मोबाइल बेटाचा टॉवर दिसला की लगेच बेटाचा होतो. जहाजवाल्यांनी हे कागदावर छापलं होतं, भोंग्यावर सांगितलं होतं, उतरण्याच्या दारापाशी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "जहाजाची वेळ पाळा." तुम्ही हे वाचू नका. वाचणारे लोक भित्रे असतात.

आमच्या दादाने मोबाइलवर पावणेतीन पाहिले आणि केक अर्धा टाकून सगळ्यांना पळवलं. मावशीचे गुडघे तसेच, चप्पल हातात, वाळूतून. टॅक्सी, गर्दी, धक्का. तिथल्या पहारेकऱ्याने घड्याळ दाखवलं तेव्हा कळलं की जहाजावर दोनसुद्धा वाजायचे होते आणि चढायची शेवटची वेळ साडेतीनची होती. म्हणजे हातात दीड तास. मी म्हटलं, मावशीला देवळाकडे नेऊन आणू, टॅक्सी समोर उभी आहे. दादा म्हणाला, "रिस्क नको." मग रिस्क नको म्हणून सगळे खरेदीला गेले! मावशीला बाकावर बसवलं, शेजारी सगळ्यांच्या पिशव्या, ओले टॉवेल आणि मी. जाताना दादाने मोठ्या माणसाचा शहाणपणा दाखवून फर्मान काढलं, "प्रत्येकाने आपल्या घड्याळातून एक तास वजा करा." यातल्या निम्म्यांचे फोन सकाळपासून विमान-मोडवर, म्हणजे आधीच जहाजाच्या वेळेवर. त्यांनी त्यातूनही एक तास वजा केला. दादानेही धावपळीत फोन विमान-मोडवर टाकून वेळ हाताने लावली होती, आणि मग त्याच वेळेतून आपल्याच फर्मानाप्रमाणे तास वजा केला. हा माणूस आयटीत आहे. कंपनीत याच्या हाताखाली लोक आहेत.

सव्वातीन झाले, कोणी नाही. वरच्या बाल्कन्यांतून लोक बिअर घेऊन उभे राहायला लागले, कारण उशिरा धावत येणाऱ्यांना टाळ्या वाजवणं हा तिथला ठरलेला करमणुकीचा कार्यक्रम असतो. कर्मचारी मावशीला म्हणाला, मॅडम, वर चला. मावशी म्हणाली, "मुलगा आल्याशिवाय मी नाही चढणार." खुर्ची देत होते, ती बसेना. जहाज कोणासाठी थांबत नाही, त्यांच्या स्वतःच्या सहलीला गेलेल्यांखेरीज, हे मला माहीत होतं आणि तिलाही कळत होतं. राहिलेल्यांचे पासपोर्ट बंदरावरच्या एजंटाकडे सोपवतात आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. ज्या बाईचा आज वाढदिवस, ती साडीवर टी-शर्ट घालून, वाकडा चष्मा लावून, डांबराच्या वासात उभी, आणि वरून लोक टाळ्यांची तालीम करताहेत.

आले. धावत आले. भावजींच्या डोक्यावर सोंब्रेरो, दादाच्या हातात टकिलाच्या दोन बाटल्या. हेच भावजी सकाळी तासभर भांडत होते, की मेक्सिकोने जुलै २०२५ पासून क्रूझच्या दर प्रवाशामागे ५ डॉलर कर लावला म्हणजे लूटमार आहे. आधी ४२ डॉलर जाहीर केले होते, ५ वर आले, तरी लूटमार. बाटल्या जहाजाने दारातच काढून ठेवल्या, शेवटच्या रात्री परत दिल्या, आणि गॅल्व्हेस्टनला उतरताना टेक्सास राज्याने त्यांच्यावर कर घेतला. तो भावजींनी निमूट भरला.

आणि दादा आईला काय म्हणाला? "अगं, वर एसीत बसायचं ना! इथे कशाला तापत उभी राहिलीस?"

बास. आता सल्ला नाही.

दादा, ती कशाला उभी राहिली ते तुला कळत नसेल तर तुझ्या आयटीला काय करायचंय? तिने सबंध सहलीत एक गोष्ट मागितली होती. वीस मिनिटांचा रस्ता. दीड तास हातात होता आणि तुम्ही तो चांदीच्या कड्यांवर आणि व्हॅनिलाच्या बाटल्यांवर घालवलात, कड्यांवरचा शुद्ध चांदीचा ९२५चा शिक्का खरा की खोटा ते न बघता. वाढदिवस तिचा होता, आणि जेवण तिला चाललं नाही, केक तिला चालला नाही, गाणं तिला कळलं नाही, बसायला जागा मिळाली ती सामानाशेजारी. वहिनी, ग्रुपवर शेकड्याने फोटो टाकणं थांबवा. मी ते सगळे बघितलेत. मावशी एकतर अर्धी कापलेली आहे, नाहीतर डोळे मिटलेली. ज्या एका फोटोत ती हसतेय तो त्या तव्याशेजारचा आहे, आणि तो मी काढलाय. नातवाला केकबद्दल माफी मागायला लावा, 'सो क्यूट' लिहू नका त्याच्याखाली. चष्म्याची दुरुस्ती दादाने करून द्यायची, मावशीच्या पर्समधून नाही.

आणि हिशोबाच्या ॲपवर मारियाचीवाल्यांचा एक तृतीयांश खर्च माझ्या नावावर टाकलाय. मी तो देणार नाही.