बाई अडकली

काल केंद्रप्रमुखांनी व्हॉट्सॲपच्या गटावर यादी टाकली: 'ऑनलाइन प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र न भरलेले शिक्षक.' यादी म्हणजे एकच नाव, माझं, तेही लाल अक्षरात. पोराचं नाव फळ्यावर लिहून त्याला लाजवू नका, हे आम्हाला याच प्रशिक्षणात शिकवतात.

आमच्या गावात रेंज मारुतीच्या पारावर येते. तिथं तात्या आधीच बसलेले. मी मोबाईल काढला तसे ते सरकून जवळ आले. पडद्यावर बाई म्हणाल्या, "आनंददायी अध्ययनासाठी शिक्षकाने..." आणि तोंड उघडं ठेवून थांबल्या.

"बाई अडकली," तात्या म्हणाले.

"रेंज नाही."

"पर शिक्षकानं काय करायचं म्हनत हुती?"

"पुढं सांगतील."

"तुमास्नी म्हाईत न्हाई?"

"माहीत आहे हो! पण शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही."

"मग फुडं वढा की."

"ओढलं तर पहिल्यापासून लागतं."

तात्यांनी तंबाखू मळली, चुना झटकला, बाईंच्या उघड्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. "दात चांगलं हायती," म्हणाले.

माझा राग ऑनलाइनवर नाही, हे आधीच सांगतो. कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' आहे ना, विज्ञानाचे प्रयोग पडद्यावरच करून बघायचं, नोबेलवाल्या कार्ल वीमन यांनी 2002 साली सुरू केलेलं, ते फुकट आहे. त्यातले प्रयोग एकदा उतरवून घेतले की नेटही लागत नाही. विजेच्या मंडलात दिव्याशिवायच तारा जोडल्या की बॅटरी पेट घेते. सातवीच्या पोरांनी ती इतक्यांदा पेटवली की शेजारच्या वर्गाच्या बाई भांडायला आल्या. पण शॉर्ट सर्किट म्हणजे काय, हे आता कुणालाही विचारा. टाकाऊतून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर बघून काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्रिकोण-चौकोन केले. दाबला की चौकोन कलतो, त्रिकोण हलत नाही. भूमितीचा तास तिथंच संपला. बालभारतीच्या साइटवर 'किशोर'चे 1971पासूनचे अंक आहेत, ते पोरं मोबाईल ओढून घेऊन वाचतात. यातल्या कशालाच प्रमाणपत्र नाही. मग मी वर्षभर काय केलं? कागदोपत्री काही नाही. वर्गात शिकवण्याचा वेळ मोडून शिकवावं कसं याचे व्हिडिओ बघितले असते, तर मी उपक्रमशील शिक्षक ठरलो असतो!

तेवढ्यात बाई सुटल्या आणि भराभरा बोलून संपल्या. चाचणी आली. उत्तीर्ण व्हायला 70 टक्के. मी पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला, पर्यायांसकट.

"'वरील सर्व' दाबा," तात्या म्हणाले.

"अहो, प्रश्न तरी नीट ऐका."

"सरकारी काम हाय न्हवं? समदंच पायजे असतंय."

बरोबर आलं. दुसराही 'वरील सर्व'. तिसऱ्याला मी शहाणपणानं 'ब' दाबला, तो चुकला. त्यानंतर मी नुसता वाचत गेलो आणि तात्या सांगत गेले.

80 टक्के पडले. प्रमाणपत्र उघडलं: सोनेरी किनार, दोन सह्या, मध्ये माझं नाव. तात्यांनी मोबाईल हातात घेऊन ते नीट निरखलं.

"गुरुजी, ह्येच्यात माजं नाव कुटं घालायचं?"