ज्याच्या हाती चिमटा

माणशी 30 डॉलर द्यायचे, रांगेत तिष्ठत उभं राहायचं आणि नंबर लागला की स्वतःचं जेवण स्वतःच शिजवून घ्यायचं, या प्रकाराला सिंगापुरात स्टीमबोट-बार्बेक्यू बुफे म्हणतात. स्टीमबोट म्हणजे बोट नव्हे, टेबलावरचं उकळत्या रश्श्याचं भांडं. बरं, ते 30 डॉलरही 30 नसतात. मेनूकार्डावर आकड्याला बिलगून दोन अधिकची चिन्हं असतात. पहिलं 10 टक्के सेवाशुल्काचं, दुसरं 9 टक्के जीएसटीचं, आणि हा जीएसटी सेवाशुल्कावरही बसतो. हिशेब केला तर 35 डॉलर 97 सेंट. सेवा कसली म्हणाल, तर एक पोरगा येतो, शेगड्या पेटवतो, "नव्वद मिनिटं" एवढंच बोलतो आणि जातो.

आमची टोळी पाच जणांची. भाऊ आणि वहिनी मूळचे सावंतवाडीचे. अण्णा कोथरूडचा, कट्टर शाकाहारी. चौथी ऑफिसातली मैत्रीण, मलेशियातल्या इपोहची. तिच्या घरी चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री अख्खं कुटुंब एका उकळत्या भांड्याभोवती जेवायला बसतं, त्यामुळे या विषयात तिचा शब्द अखेरचा. पाचवा मी.

हॉटेल ठरवण्यातच आठवडा गेला. भाऊंना थाई मुकाता हवं होतं. त्यात मधोमध घुमटाकार तवा आणि त्याच्याभोवती रश्श्याचा खंदक असतो. घुमटाच्या टोकावर डुकराच्या चरबीचा तुकडा ठेवतात. तो वितळत तव्याला तेल लावत राहतो आणि मांसाचा रस ओघळत खालच्या रश्श्यात उतरतो. सगळी चव त्या ओघळण्यातच. अण्णाने फोटो पाहिला आणि "तुम्ही जाऊन या" म्हणाला. मग असं ठिकाण शोधलं जिथे तवा वेगळा, भांडं वेगळं, आणि भांड्याच्या मधोमध नागमोडी भिंत. एका अंगाला टोमॅटोचा रस्सा, तो अण्णाचा. दुसऱ्या अंगाला माला, म्हणजे सिचुआनचा लालभडक, मिरच्या तरंगणारा रस्सा, तो उरलेल्या जनतेचा.

अशा टेबलावर कुठली खुर्ची धरायची याचा निर्णय घरातून निघतानाच झालेला बरा. तव्यासमोर जो बसतो त्याच्या हाती चिमटा येतो, आणि तो पुन्हा कुणी मागत नाही. वहिनी सराईतपणे भिंतीकडे सरकल्या. भाऊंचे डोळे धुराने चुरचुरतात. अण्णाचा प्रश्नच नव्हता. ज्याच्या हाती ससा तो पारधी हे खरं असेलही, पण ज्याच्या हाती चिमटा तो उपाशी, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पोर्क बेलीची पट्टी तव्यावर टाकली की आधी काहीच होत नाही. मग हळूहळू कडा वर वळतात, पांढरी चरबी पारदर्शक व्हायला लागते आणि तेलाचे बारीक थेंब उडून नेमके मनगटावर बसतात. उलटायची. दुसरी बाजू तांबूस झाली की कोरियन पद्धतीने कात्री घेऊन तुकडे करायचे. एवढा वेळ टेबलावर माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी वसाहतींतल्या, घरभाड्यांवर चर्चा रंगलेली असते. पण तुकडे तव्याच्या कडेला लावले रे लावले की चारी दिशांनी चॉपस्टिक येतात. कच्च्या मांसाचा चिमटा ठेवून शिजलेल्याचा उचलायचा, असा नियम आहे आणि तो पाळणारा टेबलावर मी एकटाच. तेवढ्यात तवा साफ. आयत्या बिळावरचे हे नागोबा वर विचारणार, "पुढची खेप कधी?"

आपल्याकडे पंगतीत वाढपी शेवटी बसतो, पण बसतो तरी. त्याच्यासाठी जिलब्या राखून ठेवलेल्या असतात, यजमान स्वतः आग्रह करतो. इथे शेवटची पंगतच नसते. वेळ संपली की शेगडी बंद.

भांड्याकडची तऱ्हा वेगळी. तिथे शिजवायला कष्ट नाहीत, पण टाकलेली वस्तू तुमची राहत नाही. भाऊंनी टाकलेली कोळंबी वहिनींच्या ताटलीत निघाली, ते एक वेळ ठीक, लग्न झालंय त्यांचं. पण वहिनींचं मटण भाऊंनी, माझे मशरूम वहिनींनी आणि माझीच कोळंबी पुन्हा भाऊंनी काढली. "ही माझी होती" म्हणायची सोय नाही, कारण कोळंबीवर नाव घातलेलं नसतं. चोंग्चिंग शहरात नऊ खणांचं भांडं असतं. तिथले लोक सांगतात की पूर्वी नदीकाठचे हमाल एकाच भांड्याशी बसत, ओळखदेख नसे, मग ज्याने त्याने आपापला खण धरायचा. अनोळखी माणसांना खण लागत असतील तर मित्रांना किती लागावेत!

इपोहवाली मात्र शांत होती. तिचं काहीच हरवत नव्हतं. नीट पाहिलं तेव्हा मख्खी कळली. वजडीचा पातळ तुकडा ती चॉपस्टिकमध्ये धरून रश्श्यात बुडवत होती, काढत होती, पुन्हा बुडवत होती. सात वेळा वर, आठ वेळा खाली, असा चिनी शिरस्ता आहे, म्हणजे वजडी चिवट होत नाही. ते खरंच असेल. पण त्यातला खरा शहाणपणा हा की तुकडा क्षणभरही हातचा सुटत नाही.

इकडे भाऊंनी "तिखट आम्हाला शिकवू नका" असं जाहीर करून मालातला कोबी तोंडात टाकला. कोबी रस्सा किती पितो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते एकदम गप्प झाले. मग ओठ चाचपून बघायला लागले. वहिनींनी रश्श्यातलं एक बोंड उचललं, हुंगलं आणि म्हणाल्या, "अहो, ही तर तिरफळं!" अगदीच चूक नव्हतं ते. बांगड्याच्या कालवणात घालतात ते आपलं तिरफळ आणि ही सिचुआन मिरी, दोघांचं वनस्पतिशास्त्रीय घराणं एकच, झँथोक्सायलम. फरक एवढाच की वहिनी कालवणात मोजून पाच-सहा टाकतात, इथे ओंजळीने ओततात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना ही मिरी लावून पाहिली आणि 2013 साली निष्कर्ष छापला, की या झिणझिण्या सेकंदाला साधारण 50 कंपनांइतक्या भरतात. महावितरणची वीजही 50 हर्ट्झचीच असते. हे ऐकल्यावर, भाऊंच्या तोंडात बल्ब धरून बघू या, असं अण्णाचं म्हणणं पडलं.

अण्णाला हसायला फार वेळ मिळाला नाही. काउंटरवर टोफूच्या शेजारीच सोनेरी चौकोनी तुकडे होते, तळलेलं पनीर वाटावं असे. त्याने ते बशीभर आणले होते. पहिला तुकडा टोमॅटोत पडणार तोच इपोहवालीने त्याचा हात धरला. तो फिश टोफू होता, माशाच्या लगद्याचा. त्यानंतर अण्णाने प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी सुरू केली. मक्याच्या कणसालाही सोडलं नाही. भरीत भर म्हणजे मालाला जोराची उकळी फुटली की लाल तेल भिंतीवरून टोमॅटोत उडी मारायचं. अण्णा डाव आडवा धरून सीमाप्रश्न लढवत बसला.

मग "लास्ट ऑर्डर" अशी हाळी आली आणि सगळ्यांच्या अंगात संचारलं. पोट भरलंय की नाही हा मुद्दाच नव्हता. पैसे वसूल व्हायला हवेत. भाऊंनी फिशबॉलचा डोंगर आणला, वहिनींनी मटणाच्या तीन बशा. मी तेवढ्यात भिंतीवरची पाटी वाचून दाखवली, की ताटात उरलं तर दर 100 ग्रॅमला दंड. टेबलावर शांतता पसरली. आणि मग, इतका वेळ कुठे दडी मारून बसला होता कोण जाणे, तो अस्सल मराठी आग्रह उसळून वर आला. "अरे, तू तर काहीच खाल्लं नाहीस!" हा शोध वहिनींना त्या क्षणी लागला. "सारखा आमचंच बघतोस." माझ्या वाडग्यात गार झालेलं करडं मटण पडलं, त्यावर कोबी, त्यावर फिशबॉल, आणि भाऊ "एकच, माझ्यासाठी" करत आणखी घालतच राहिले. तो पोरगा येऊन आमच्या टेबलाकडे बघत उभा राहिला. वजनकाटा त्याच्या हातात नव्हता, पण नजर ग्रॅमची होती. मी चावत राहिलो. फिशबॉल दाताखाली दबतो आणि सोडला की पुन्हा गोल होतो.

बिल आलं. पाच समान भाग, असं इपोहवालीने सांगितलं. अण्णाने घसा साफ केला. आपण फक्त मशरूम, मका आणि दोन वाट्या टोमॅटोचं पाणी घेतलंय, तेव्हा या वाटणीचा फेरविचार व्हावा, असं त्याने नम्रपणे मांडलं. भाऊंचे ओठ अजून जागेवर आले नव्हते, 'भ' आणि 'म' दोन्ही हवेत विरत होते, तरी मुद्दा कळला. अर्धं भांडं एकट्या अण्णाचं होतं. उरलेल्या अर्ध्यात चौघे. भांड्याच्या हिशेबाने वाटणी हवी असेल तर निम्मं बिल त्याचं.

अण्णाने निमूटपणे फोन काढला आणि पाचवा हिस्सा भरला.